उतरलेलं वजन आणि आप्पांचं ताट

वजन उतरवायला मला वर्ष लागलं आणि त्या वर्षात मी फारशी दमले नाही. दमायला लागले ते त्यानंतर, वजन उतरून झाल्यावर.

मी कोल्हापुरात एका कॉलेजच्या लायब्ररीत काम करते. घर उचगावात. मुलगा शिकायला पुण्याला, त्यामुळं घरात मी आणि नवरा, दोघंच. पंचेचाळिशीच्या आसपास माझे गुडघे दुखायला लागले. रक्तातली साखर काठावर येऊन थांबली. डॉक्टरांनी माझ्याकडं न बघता, रिपोर्टकडं बघत सांगितलं की वीसेक किलो उतरवलंत तर गोळ्या टळतील. त्याच आठवड्यात मी एका मॅडमच्या क्लासला नाव घातलं.

क्लास म्हणजे पहाटे रंकाळ्यावर चालायचं आणि दिवसभर ताटाचे फोटो काढून मोबाइलच्या ग्रुपवर टाकायचे. मॅडम फोटो बघून अंगठा दाखवायच्या, नाहीतर लाल फुली टाकायच्या. भात बंद, साखर बंद, बटाटा, केळं, साबुदाणा बंद. रात्रीचं जेवण दिवस मावळायच्या आत. मी शाळेत हुशार होते. हुशार मुलीला नियम दिले की ती पाळते, तसे मी ते पाळले. अंगठा आला की दिवस चांगला जायचा. वजन महिन्यामहिन्याला उतरत गेलं. शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी माझे ब्लाउज दोन-तीनदा आत घेतले आणि मग म्हणाल्या, "आता नवीनच शिवा वैनी, ह्याला टीप माराय जागाच ऱ्हायली न्हाय." मी घरापर्यंत हसत आले.

वर्ष संपताना मॅडमनी माझे दोन फोटो मागितले, एक आधीचा आणि एक आत्ताचा. मी हौसेनं दिले. आठवड्याभरात ते दोन्ही फोटो एका मोठ्या फ्लेक्सवर झळकले आणि तो फ्लेक्स लागला नेमका मी रोज जाते त्या चौकात. डाव्या बाजूला मी भाचीच्या लग्नातली, गुलाबी साडीत, मान गळ्यात बुडालेली. उजव्या बाजूला मीच, कमरेवर हात ठेवून उभी. मधे लाल बाण. सकाळी कामावर जाताना मी गाडीवरनं त्या दोघींच्या खालून जायची आणि संध्याकाळी परत यायची.

पहिले काही दिवस भारी वाटलं. मग एकदा भाजी घेताना भाजीवाली माझ्या तोंडाकडं बघतच राहिली.

"तुमी त्या बोर्डावरच्या न्हवं?"

"हो."

"लईच की ओ. कसं काय जमलं?" आणि मग तिनं माझ्या पिशवीत डोकावून बघितलं. पिशवीत अर्धा किलो बटाटे होते, नवऱ्यासाठी. "बटाटा चालतोय व्हय तुमाला?"

मी तिला बटाटे कुणासाठी आहेत ते सांगत बसले. गाडी चालू करताना लक्षात आलं की मला घाम आला होता.

क्लास संपला तेव्हा मॅडमनी आम्हा सगळ्यांना एकच गोष्ट सांगितली, "आता मेंटेन करा." मेंटेन करायचं म्हणजे काय ते कुणी सांगितलं नाही. ग्रुप बंद झाला, अंगठे बंद झाले. वजन उतरत होतं तेव्हा रोज काहीतरी घडत होतं. आता काही घडायचंच नव्हतं, आणि तेच माझं काम होतं. रोज सकाळी काट्यावर चढायचं, आकडा कालचाच असला तर सुटकेचा श्वास टाकायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चढायचं. अर्धा किलो जास्त दिसला की दुपारचं जेवण गाळायचं. संध्याकाळी भूक अशी लागायची की मी ओट्याशी उभी राहून, डब्यातली शिळी भाकरी तेल-चटणीला लावून, कुणी बघायच्या आत खाऊन टाकायची. बसून, ताट वाढून घेऊन खाल्लं तर ते जेवण झालं असतं. उभ्यानं खाल्लेलं मी जेवणात धरत नव्हते.

लग्नाला जाताना घरून खाऊन जायची आणि तिथं काकडीच्या चकत्या घेऊन हिंडायची. बायका म्हणायच्या, "काय कंट्रोल हाय हिचा!" त्या कंट्रोलमुळं मला लग्नात कोण भेटलं, काय बोललं, काही आठवायचं नाही. पंगतीत काय काय होतं ते मात्र सगळं आठवायचं.

नवरा बिचारा माझ्यासाठी बदलला. त्याला संध्याकाळी दूध कट्ट्यावर जाऊन म्हशीचं धारोष्ण दूध प्यायची लहानपणापासूनची सवय. आधी माझ्यासाठीही लोटीतून आणायचा. आता तिथंच पिऊन, मिशी पुसून, काही न बोलता घरी यायचा. मिसळ खाऊन आला तर शर्टाला वास यायचा, पण त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आमच्या घरात जेवणाबद्दल बोलणंच थांबलं. तो टीव्हीसमोर जेवायचा, मी माझं वाटीभर काहीतरी त्याच्या आधी उरकून घ्यायची. भांडण काही नव्हतं. असं दीड-दोन वर्षं चाललं.

मग आप्पा आजारी पडले.

आप्पा म्हणजे माझे वडील. पेठ वडगावला एकटेच राहायचे. आई जाऊन बरीच वर्षं झालेली. आयुष्यभर त्यांनी मालट्रक चालवला, इकडनं गूळ घेऊन गुजरातला, तिकडनं मिळेल तो माल घेऊन परत. त्या धंद्यात कंबर गेली. कंबरेसाठी ते दुकानातनं गोळ्या आणून खायचे, बहुतेक वेळा उपाशीपोटी, चहावर. एका सकाळी शेजाऱ्यांचा फोन आला की आप्पा पोट धरून ओसरीवर पडलेत. पोटातला अल्सर फुटला होता. कोल्हापुरात आणून त्याच दिवशी ऑपरेशन झालं. जगले. पण दवाखान्यातनं बाहेर आले तेव्हा माझे धिप्पाड आप्पा सदऱ्यात शोधावे लागत होते.

डॉक्टर म्हणाले, "थोडं थोडं, पण सारखं द्या. तिखट नको, चहा नको. वजन वाढलं पाहिजे. दर आठवड्याला काट्यावर उभं करा आणि मला कळवा."

मी त्यांना उचगावला घेऊन आले आणि लायब्ररीतनं रजा काढली. बाथरूमच्या दारामागं असलेला माझा काटा हॉलमध्ये आला. सकाळी कुणी उठायच्या आत आधी मी चढायची, आकडा वाढू नये म्हणून. नंतर आप्पांना हाताला धरून चढवायची, आकडा वाढावा म्हणून.

पहिल्या दिवशी मऊ भात, मुगाचं वरण आणि वर चमचाभर तूप असं ताट त्यांच्यापुढं ठेवलं आणि समोर बसले. त्यांनी दोन घास घेतले आणि हात थांबवला. आप्पांशी बोलताना मी अजून वडगावचीच होते. 'आले', 'जेवले' ऐवजी 'आलो', 'जेवलो' तोंडात येतं.

"काय झालं आप्पा? गरम हाय?"

"तुझं ताट कुठाय?"

"मी जेवलो मघाशी."

"कवा? मी सकाळधरनं हितंच बसलोय की."

"माझं आता दिवसातनं दोनदाच असतंय. वजन वाढतंय न्हाईतर."

आप्पांनी माझ्याकडं नीट बघितलं. आजारपणात त्यांचे डोळे मोठे दिसायला लागले होते.

"मला एकट्याला जेवाय येत न्हाय, पोरी," ते म्हणाले आणि ताट सरकवलं.

मला वाटलं, हट्ट आहे, उतरेल. पण दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही दोन घास, मग पाणी. मी चिडले. म्हटलं, एवढी वर्षं ट्रकवर कोण बसत होतं जेवायला तुमच्याबरोबर?

"कोन बी. हॉटेलवर कोल्लापूरची गाडी दिसली की तिच्या शेजारी लावायची. न्हाय दिसली तर चा प्यायचा आन् फुडं. फुडल्या हॉटेलवर घावतंय कोनतरी."

"आणि आई गेल्यावर?"

"ताट घिऊन कट्ट्यावर बसायचो. येनारा-जानारा थांबतोय दोन मिंटं. एकट्याचं जेवान घशाखाली उतरत न्हाय मला. काय करू?"

आठवड्यानं काटा आणखी खाली गेला. डॉक्टर फोनवर रागावले, म्हणाले, असंच चाललं तर पुन्हा ॲडमिट करावं लागेल. त्या दुपारी मी दोन ताटं घेतली. माझ्या ताटातही तोच मऊ भात वाढला. जवळजवळ तीन वर्षांत मी भात खाल्ला नव्हता. मला वाटत होतं, पहिला घास घेतला की डोळ्यांत पाणी येईल, इतकी मी त्याची आठवण काढली होती. तसं काही झालं नाही. मला घासाची चवच कळली नाही. हा घास किती ग्रॅमचा, उद्या काटा किती दाखवेल, संध्याकाळी काय गाळायचं, हेच डोक्यात. समोर आप्पा हळूहळू चावत होते. मी राग गिळत जेवले. आप्पांनी मात्र जवळपास सगळं ताट संपवलं.

मग तसंच सुरू झालं. त्यांना दिवसातनं पाच-सहा वेळा थोडं थोडं द्यायचं. प्रत्येक वेळी मी बरोबर बसायची आणि चमचाभर काहीतरी घ्यायची. रोज काटा बघून एखादं खाणं गाळायचं ठरवायची. पण गाळायचं म्हटलं तरी गाळता येत नव्हतं, कारण समोर आप्पा हात थांबवून बसायचे.

एवढं शेजारी बसल्यावर मला त्यांच्या जेवण्यातलं एकेक दिसायला लागलं. ते मधेच थांबायचे. घास हातात असतानाही थांबायचे आणि म्हणायचे, "बास. भरलं." ताटात चार शितं राहिली, अर्धी वाटी वरण राहिलं, काही फरक नाही. मी लहानपणापासून ताट पुसून जेवणारी. वर्षानुवर्षं मुलाच्या ताटातलं उरलेलंही मीच संपवलं. कढईत पळीभर भाजी उरली तर कशाला ठेवायची म्हणून खाऊन टाकली. "टाकायचं कसं ते?" मी आप्पांना विचारलं.

"टाक कुत्र्याला. माझ्या पोटात टाकून काय हुनार हाय?"

एकदा सकाळी अकराच्या सुमाराला त्यांनी विचारलं, "भूक लागल्या का तुला?"

मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं.

"घड्याळाला काय इचारतीस? तुला लागल्या का?"

मला खरंच कळत नव्हतं. मी हात पोटावर ठेवून उभी राहिले, डॉक्टरनं विचारलं कुठं दुखतंय की आपण चाचपतो तसं. गेली अडीच-तीन वर्षं भूक म्हणजे घालवून द्यायची गोष्ट होती, आणि त्याआधी मी भूक लागेपर्यंत कधी थांबलेच नव्हते. "म्हाईत न्हाय," मी म्हणाले. आप्पा हसले नाहीत. "बरं, मग थांबू थोडं," म्हणाले, आणि पुन्हा पेपर वाचायला लागले. अर्ध्या तासानं मला भूक लागली. लागली ते कळलं. मी जाऊन त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "मग आन की."

याच दिवसांत मॅडमचा फोन आला. माझा क्लास संपून दोन वर्षं होत आली होती, त्यांना नवा फ्लेक्स करायचा होता. 'दोन वर्षं टिकवलेलं यश' असं काहीतरी त्यावर लिहायचं होतं. त्यांना माझा ताजा फोटो हवा होता. माझं वजन तोवर तीन-साडेतीन किलो वाढलेलं. फोनवर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून मी त्यांच्या ऑफिसवर गेले.

मॅडमनी मला दारातच बघितलं आणि त्यांना कळलं. त्यांची नजर माझ्या दंडावर गेली.

"थोडं वर गेलंय ना?" त्या म्हणाल्या. "हरकत नाही. महिनाभर पुन्हा सुरू करू. मग फोटो काढू."

"मॅडम, मला तो फ्लेक्सच काढायचाय. जुनापण."

"का? लोक तुमचं नाव सांगत येतात माझ्याकडं."

"मला भाजी घ्यायला भीती वाटते," मी म्हणाले. यापेक्षा बरं काही सांगायचं होतं, पण तेच तोंडातनं आलं.

मॅडम माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. नेहमी चकाचक, पाठ ताठ. त्यांनी उठून दार लोटून घेतलं. टेबलाच्या खणातनं एक डबा काढला. उकडलेले मूग, कोबीची पानं. दुपार टळून गेली होती, आणि ते त्यांचं जेवण असावं.

"माझ्या भावाच्या लग्नात मी हाच डबा नेला होता," त्या म्हणाल्या. "स्टेजच्या मागं बसून खाल्ला. आई अजून बोलते त्यावरनं. पण माझं पोट सुटलं तर क्लासला कोण येईल? मला कधी कधी वाटतं, कुणीतरी मला म्हणावं, आता बास." मग त्यांनी डबा बंद केला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "काढून टाकते फ्लेक्स. तेवढं आठवडाभर चालवून घ्या."

मी जाताना त्यांच्यावर चिडलेली होते. येताना नव्हते. आणि फ्लेक्स त्यांना काढावाच लागला नाही. चार दिवसांत कुणातरी भावी नगरसेवकाचा वाढदिवस आला आणि त्याच्या पोरांनी आमच्या दोघींवर त्याचा हसरा फोटो ठोकून टाकला.

आप्पांची तब्येत सुधारत होती. महिन्याभरानं डॉक्टरांनी मटणाचं अळणी द्यायला परवानगी दिली. अळणी म्हणजे मटण शिजवलेलं नुसतं पाणी, तिखट नाही, मसाला नाही. आमच्याकडं बाळंतिणीला, लहान पोरांना देतात. रविवारी नवरा सकाळीच मटण आणायला गेला. पिशवी ओट्यावर ठेवताना त्यानं जरा बिचकत विचारलं, "आम्हाला पण करशील काय थोडं?" मी वळून बघितलं. दोन वर्षांत त्यानं पहिल्यांदाच मला काही खायला मागितलं होतं.

त्या दिवशी तिघं जमिनीवर बसलो. आप्पांना भात आणि अळणी, आम्हाला तांबडा रस्सा आणि भाकरी. आप्पांनी वाटी दोन्ही हातांनी तोंडाला लावली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही. "पावणं," ते नवऱ्याला म्हणाले, "हिची आई लगीन हुन आली तवा तिला हेच येत न्हवतं. पानी आन् मीठ. मीच शिकिवलं." नवरा मोठ्यानं हसला. मी आईची बाजू घेऊन भांडले. बोलता बोलता मी एक भाकरी खाल्ली, मग अर्धी, आणि मग पोट भरल्याचं कळलं. मटण होतं, रस्सा होता, हात पुढं गेला आणि मीच तो मागं घेतला. तेव्हा मला कुणी अंगठा दाखवत नव्हतं. संध्याकाळी पातेल्यात उरलेलं फ्रीजमध्ये ठेवताना मी उभ्यानं एक तुकडाही तोंडात टाकला नाही, आणि हे माझ्या दुसऱ्या दिवशी लक्षात आलं.

इथनं पुढं सगळं सरळ झालं असतं तर बरं होतं. रजा संपून लायब्ररीत रुजू झाले त्या पहिल्या आठवड्यातच प्राचार्यांनी सगळ्यांसमोर मला झापलं, माझ्या रजेत रखडलेल्या पुस्तक-मोजणीवरनं. घरी आले. चप्पल काढली आणि नवऱ्यासाठी आणलेला भडंगाचा पुडा फोडला. ओट्याशी उभी राहिले. पुडा संपेपर्यंत मी थांबले नाही. लसणाच्या पाकळ्या, शेंगदाणे, तळाची तिखट पूडसुद्धा बोटानं चाटली. वळले तर आप्पा दारात उभे. किती वेळ उभे होते कोण जाणे.

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. ते खुर्ची ओढून बसले. त्यांनी विचारलं, "काय झालं हापिसात?"

मी सांगितलं. सांगता सांगता रडले. त्यांनी पाणी दिलं.

"आता रातीला काय करालीस जेवाय?"

"तुम्हाला आन् ह्यांना करतो. मला नको. एवढं खाल्लंय. उद्या पन काय खाणार न्हाय."

"का?"

"वाढंल की आप्पा सगळं परत. एवढ्या मेहनतीनं उतरवलंय."

"प्राचार्य वरडला म्हणून तू उपाशी ऱ्हानार. मग परवा भुकेनं पुना ह्येच खानार." ते माझ्यावर आवाज चढवत नव्हते. खूप दमल्यासारखे बोलत होते. "एक डाव खाल्लं ते खाल्लं. गेलं पोटात. आता जेवायच्या टायमाला भूक लागली तर जेव, न्हाय लागली तर नुसती बस माझ्यापाशी. पर असं वर-खाली करू नगं. मी गाडी अशी चालीवली असती तर गुजरात कवा गाठला असता?"

रात्री मला भूक नव्हती, पण मी बसले. थोडी मुगाची खिचडी वाढून घेतली आणि अर्धी टाकली. सकाळी नाष्टा केला. भडंगाच्या दुसऱ्या दिवशी नाष्टा करणं, हे मला वर्षभर पहाटे उठून चालण्यापेक्षा अवघड गेलं. पोहे समोर घेऊन मी किती वेळ बसले होते. पण त्या आठवड्यात पुन्हा तसं उभ्यानं खाणं झालं नाही. आधी एकदा झालं की चार-पाच दिवस तेच चालायचं.

पावसाळा संपता संपता आप्पा वडगावला परत गेले. मी राहा म्हणाले, नवराही म्हणाला. त्यांना त्यांचा कट्टा हवा होता. पूर्वीसारखे भरले नाहीत, पण आवाज परत आला. शेजारची सून दोन वेळचं देते आणि तिचे सासरे आप्पांबरोबर जेवायला बसतात, अशी व्यवस्था त्यांनी स्वतःच लावून घेतली.

माझं वजन फ्लेक्सवरच्या उजव्या बाईपेक्षा चारेक किलो जास्त आहे आणि तिथंच थांबलंय. साखर काठाच्या अलीकडं आहे. परवाच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, "हे टिकवा." काटा पुन्हा बाथरूमच्या दारामागं गेला, आठवड्यातनं एकदा काढते. चालायला जाते, रोज नाही. दुपारी भात खाते, वाटीभर, आणि बहुतेक वेळा त्याची चव लागते. नवरा आता दूध घरी आणतो. कधी मी पिते, कधी नको म्हणते, आणि दोन्ही वेळा त्याला काही वाटत नाही.

पण दमणूक गेली असं म्हटलं तर खोटं होईल. लग्नाच्या जेवणात अजून डोकं आपोआप हिशेब करायला लागतं. नवी साडी नेसले की आरशात आधी दंड बघते. कुणी "जाड झालीस की गं थोडी" म्हणालं तर दोन दिवस जातात. हे असंच चालणार, थोडं कमी-जास्त, असं आता वाटतं. एवढी वर्षं जे डोक्यात भरून ठेवलं ते एका पावसाळ्यात निघून जाणारं नाही.

आप्पा रोज संध्याकाळी फोन करतात. पहिला प्रश्न ठरलेला, "जेवलीस का?" पूर्वी मी कुणालाही याचं उत्तर हो असंच द्यायची, खरं-खोटं बघायची नाही. गेल्या आठवड्यात कॉलेजच्या परीक्षा चालू होत्या, पाय सुजलेले, घरी येऊन तशीच सोफ्यावर पडले होते. त्यांचा फोन आला.

"न्हाय जेवलो अजून," मी म्हणाले. "करायचा कंटाळा आलाय. खायचा पन कंटाळा आलाय. सगळ्याचाच आलाय."

"व्हय?" आप्पा म्हणाले. त्यांच्याकडं मागं भांडी वाजत होती, कुणीतरी त्यांना ताटावर बोलवत होतं. "मग ऱ्हाऊ दे करायचं. सकाळचं काय हाय?"

"आमटी हाय. भात हाय थोडा."

"गरम कर. आन् फोन ठिऊ नगं, स्पीकरवर टाक. मी बी बसतोय हिकडं जेवाय."